बंद दवाखान्याची वही

शिर्केबेनना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. जागा भाजीबाजाराची नव्हती, बडोद्यातल्या आरोग्य खात्याच्या मीटिंग हॉलची होती. समोर पडद्यावर रंगीत आलेख लागला होता, साहेब हातातल्या यंत्राने त्यावर लाल ठिपका नाचवत होते, आणि शेवटच्या रांगेत कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई मांडीवर पिशवी घेऊन, खाली न बघता, शेंगा सोलत बसल्या होत्या. दाणे डब्यात, सालं पिशवीत. नजर सरळ साहेबांवर, आणि चेहऱ्यावर एवढा आदर की साहेबांना वाटावं, सगळ्या हॉलमध्ये ही एकटीच ऐकते आहे. विषय होता 'जनतेची आरोग्याविषयीची उदासीनता'. मीटिंग आटोपल्यावर त्यांनी डबा हलवून बघितला आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "आजची मीटिंग दीड किलोची झाली."

मी तेव्हा नुकतीच एमपीएच होऊन आले होते. एमपीएच म्हणजे पब्लिक हेल्थमधली मास्टर्स. हे घरच्यांना समजावण्यात माझी निम्मी उमेद खर्च झाली होती. बाबा रिफायनरीत होते, त्यांच्या लेखी जगात इंजिनियर, डॉक्टर आणि बाकीचे अशा तीनच जाती. मावशीने विचारलं, "म्हणजे डॉक्टर?" नाही. "मग नर्स?" नाही. "मग करता काय तुम्ही?" मी म्हटलं, गरीब लोकांपर्यंत औषधं का पोचत नाहीत, याचा अभ्यास करतो. मावशी म्हणाली, "त्यापेक्षा नेऊन दिली तर?" असल्या अडाणी प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, असं मला कॉलेजात दोन वर्षं शिकवलं होतं, म्हणून मी दिलं नाही.

एका संस्थेने मला कामावर घेतलं. 'शहरातले वंचित समुदाय आरोग्यसेवांचा लाभ का घेत नाहीत' हा अभ्यासाचा विषय, अठरा महिन्यांची मुदत, आणि अठ्ठेचाळीस प्रश्नांची एक प्रश्नावली, जिच्यातला सातवा प्रश्न मी स्वतः घातला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. फतेगंजच्या मागच्या अंगाला एक सरकारी आरोग्य केंद्र आहे, तिथे बसून मी काम करायचं ठरलं. त्या केंद्राच्या सुपरवायझर म्हणजे याच शेंगा सोलणाऱ्या बाई. नाव शालिनी शिर्के. आम्ही दोघीही मराठी, पण सगळं केंद्र त्यांना 'बेन' म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला नावाने कधीच हाक मारत नसत. "ए एमपीएच, इकडे ये," असं म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी प्रश्नावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. चष्मा काढला, पुसला.

"हे वंचित म्हणजे नक्की कोण गं?"

"ज्यांच्यापर्यंत आपल्या सेवा पोचत नाहीत, ते."

"म्हणजे आपण मोकळे असतो तेव्हा जे मोकळे नसतात, ते," त्या म्हणाल्या. "बघ, दवाखाना नऊ ते एक. ही माणसं सातला घर सोडतात आणि संध्याकाळी सहा-सातला परत येतात. झाला तुझा अभ्यास. आता अडधी घेऊ या, अर्धा-अर्धा कप चहा?"

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की, हे तुमचं निरीक्षण झालं, याला पुरावा म्हणत नाहीत.

"बरं बाई, मग पुरावा गोळा कर. काही वांधा नाही. पण उद्या सकाळी साडेसहाला ये. नऊनंतर इथे तुला विचारायला माणूस मिळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग कडिया नाक्यावर गेले. रोजंदारीचे गवंडी, रंगारी, विटा वाहणाऱ्या बाया सकाळी जिथे कामाची वाट बघत उभ्या राहतात, त्याला बडोद्यात कडिया नाका म्हणतात. शहरात असे नाके बरेच आहेत. हा कुठला, ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे येईलच. शिर्केबेन स्कूटीवरून आल्या, दोन्ही पाय रस्त्याला टेकतील न टेकतील असे सोडून, सायकलवाल्याने मागे टाकावं अशा वेगाने. चहाच्या लारीशेजारी, म्हणजे हातगाडीशेजारी, त्यांनी आपली पिशवी उघडली आणि तिथे दवाखाना सुरू झाला. कुणाचं बीपी, कुणाची बोटाला टोचून साखर, गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या. टीबीच्या पेशंटांना आठवड्याच्या गोळ्या, आणि मागच्या आठवड्याची रिकामी पाकिटं परत घ्यायची, म्हणजे खाल्ल्या की फेकल्या ते कळतं. मुकादम मोटारसायकलवरून हॉर्न वाजवत. त्यातल्या एकाला त्या म्हणाल्या, "ऊभा रहो ने भाई, दोन मिनिट. हिचं बीपी बघितल्याशिवाय हिला माळ्यावर चढवू नकोस. पडली तर माझ्याकडेच घेऊन धावत येशील." मुकादम उभा राहिला. मी तोपर्यंत कुठल्याही मुकादमाला कुणासाठी थांबताना पाहिलं नव्हतं.

पावणेनऊला त्यांनी पिशवी आवरली आणि नऊला केंद्रात जाऊन हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला. मग एकपर्यंत त्या रिकाम्या बाकांसमोर बसून जनतेच्या उदासीनतेची माहिती तक्त्यात भरत राहिल्या. खात्याच्या दृष्टीने त्यांचं काम नऊला सुरू होत होतं. खरं तर ते त्याच वेळी संपलेलं असायचं.

भाषेच्या बाबतीत त्या उदार होत्या. साहेबांशी शुद्ध गुजराती, घरात मराठी, नाक्यावर दाहोद-पंचमहालकडच्या बायांशी त्यांच्याच बोलीत, आणि राग आला की हिंदी. इंग्रजीतलं एकच अख्खं वाक्य त्या वापरत, "नॉट पॉसिबल", आणि तेही स्वतःच्या नाही, वरच्यांच्या वतीने. त्यांचे पणजोबा गायकवाड सरकारांच्या पागेत होते. या गोष्टीचा त्यांना अभिमान कमी आणि उपयोग जास्त होता. साहेबांनी एकदा दवाखान्याची वेळ बदलणं प्रशासकीयदृष्ट्या किती अवघड आहे, हे अर्धा तास सांगितलं. शिर्केबेन सगळं ऐकून म्हणाल्या, "साहेब, आमच्या पणजोबांच्या वेळी घोडा आजारी पडला तर सलोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, केव्हाही हजर व्हायचा. घोड्यांचं बरं होतं." साहेबांनी हसावं की रागवावं हे ठरवेपर्यंत चहा आला.

फॉर्मचं आणि त्यांचं पहिल्यापासून वाकडं होतं. टीबीच्या पेशंटची नोंद कॉम्प्युटरवर करताना पत्ता लागतो, आणि नाक्यावरच्या माणसांना पत्ताच नसतो. शिर्केबेन सुरुवातीला खरं तेच लिहीत: 'पिंपळाखाली, डावीकडून तिसरं निळं प्लास्टिक'. कॉम्प्युटर ते घेईना, त्याला घर नंबर हवा. मग त्यांनी सगळ्यांचा पत्ता म्हणून आरोग्य केंद्राचाच पत्ता टाकायला सुरुवात केली. कॉम्प्युटर खूश झाला. काही महिन्यांनी गांधीनगरहून एक तपासणी अधिकारी घाईघाईने आले. एकाच इमारतीत तीस क्षयरोगी राहतात, असं त्यांच्या पडद्यावर लाल रंगात दिसत होतं आणि तो साथीचा उद्रेक आहे अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांनी ती इमारत बघायला मागितली.

"हीच," शिर्केबेन म्हणाल्या.

"इथे तीस पेशंट राहतात?"

"राहू शकतील साहेब. एकनंतर रिकामीच असते."

त्यावर खुलासा मागवला गेला, खुलासा दिला गेला, आणि पक्का पत्ता नसलेल्यांना एका वेळी सातच दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, असा नियम आमच्या केंद्रापुरता होऊन बसला. म्हणजे ज्याला दवाखान्यात यायला सगळ्यात कठीण, त्याने सगळ्यात जास्त वेळा यायचं. खात्याच्या विचारांत एक सुसंगती असते, ती तुम्हाला शोधावी लागते.

या नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला तो रमीलाला. पंचविशीची असेल, दाहोदकडची, विटा वाहणारी, अंगाने काटकुळी. तिला टीबी झाला होता. सहा महिने रोज गोळ्या घेतल्या की माणूस खडखडीत बरा होतो. रमीलाने तिसऱ्या महिन्यात सोडल्या होत्या, कारण दर आठवड्याला गोळ्या आणायला यायचं म्हणजे कामाचा खाडा, आणि दर आठवड्याला खाडा करणाऱ्या बाईला मुकादम गाडीत घेत नाही. माझ्या प्रश्नावलीत अशा माणसांसाठी 'उपचारांचे महत्त्व न समजणे' असा एक रकाना होता. शिर्केबेननी तिला नाक्यावर गाठून नव्याने गोळ्या सुरू केल्या होत्या. "दुसऱ्यांदा मधेच सुटलं ना, तर साध्या गोळ्या लागू पडायच्या बंद होतात," त्या मला म्हणाल्या. "मग ती कठीण. म्हणून हिच्या सहा महिन्यांत एकही आठवडा चुकता कामा नये. बाकी तू तुझा रिपोर्ट लिही."

तो मी लिहिला, आणि इथे माझ्या हातून जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अभ्यास निम्मा झाल्यावर संस्थेला मधला अहवाल हवा होता. मी त्यात नाक्यावरच्या कामावर एक वेगळं प्रकरण घातलं, 'एक अनुकरणीय उपक्रम'. वेळ, जागा, पद्धत, चार फोटो. एका फोटोत शिर्केबेन रमीलाच्या हातावर पाकीट ठेवत होत्या आणि मागे चहाची लारी अगदी स्पष्ट दिसत होती. फोटो सुंदर आला होता. संस्थेच्या लोकांना प्रकरण फार आवडलं, त्यांनी ते दिल्लीला पाठवलं, दिल्लीने कौतुकाचं पत्र गांधीनगरला पाठवलं, आणि गांधीनगरने बडोद्याला विचारलं की, केंद्राबाहेर औषधं नेण्याची परवानगी या कर्मचाऱ्याला कोणी दिली?

मेमो आला तेव्हा मी केंद्रातच होते. शिर्केबेननी तो वाचला, घडी केली, टेबलाच्या खणात ठेवला. मी रडवेली होऊन म्हणाले, "बेन, मी तर चांगलंच लिहिलं होतं."

"चांगलंच लिहिलंस गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्यांनी वाचलं."

त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. आजही तो प्रसंग आठवला की माझी कानशिलं तापतात. दुसऱ्या दिवसापासून नाक्यावरचं काम बंद झालं. वर्षानुवर्षं जे कुणाच्या लक्षात न आल्यामुळे सुरळीत चाललं होतं, ते मी कौतुक करून चार फोटोंत बंद पाडलं. नाक्याचं नाव मी का सांगत नाही, हे आता कळलं असेल.

त्या आठवड्यात रमीला गोळ्या न्यायला आली नाही. तिच्याकडे दोन दिवसांच्या शिल्लक असतील, असं शिर्केबेननी बोटांवर मोजलं. तिसऱ्या दिवशी त्या मेमो पुन्हा काढून वाचत बसल्या. दोनदा वाचला, मग मला हाक मारली. "ए एमपीएच, तू शिकलेली आहेस. यात असं लिहिलंय ना, की औषध केंद्राबाहेर न्यायचं नाही?"

"हो."

"पेशंट केंद्रात आणायचा नाही, असं कुठे आहे का?"

नव्हतं. रमीला तेव्हा निजामपुऱ्यात एका बिल्डिंगवर कामाला होती. साडेबाराला बाया डबा खायला बसत. शिर्केबेन आठवड्यातून एकदा, बारा वाजून वीस मिनिटांनी स्कूटी काढायच्या, रमीलाला सिमेंटच्या हातांसकट मागे बसवायच्या, फतेगंजला आणायच्या, केंद्र एकला बंद होण्याआधी रजिस्टरवर तिचा अंगठा घ्यायच्या, गोळ्या द्यायच्या आणि परत नेऊन सोडायच्या. रमीला मागे बसल्या बसल्या भाकरी खायची. पहिल्या दिवशी ती एवढी घाबरली होती की तिने बेनना कमरेला घट्ट धरलं आणि त्या कडक इस्त्रीच्या साडीवर सिमेंटचे दोन पंजे उमटले. बेन दिवसभर तशाच हिंडल्या. रमीलाच्या गोळ्यांचा एकच दिवस चुकला होता. साहेबांनी साडीकडे बघून विचारलं, हे काय, तर म्हणाल्या, "बायोमेट्रिक."

पण एका स्कूटीवर एकच पेशंट बसतो. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न होताच, आणि त्याला एकच उत्तर होतं: दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ उघडायचा. शिर्केबेनना निवृत्त व्हायला तेव्हा जेमतेम अडीच महिने उरले होते. त्या साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बेनना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बेन, पण डिमांड क्यां छे? संध्याकाळी लोक येतात, याचा काही डेटा आहे?"

"साहेब, दवाखाना बंद असतो. बंद दवाखान्यात आलेल्यांचा डेटा कुठून आणू?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे," साहेब कळवळून म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शिर्केबेननी बंद दवाखान्याची वही सुरू केली. दोनशे पानी शाळेची वही. नोकरीची वेळ संपल्यावर घरी जायचं, स्वयंपाक करायचा, आणि सहाला परत येऊन केंद्राच्या कुलूप लावलेल्या दाराबाहेर, पायरीवर बसायचं. कामावरून परतणाऱ्या माणसांना तो रस्ता वाटेतच पडतो. ज्याला काही दुखत असेल त्याचं नाव लिहायचं, काय होतंय ते लिहायचं, आणि पुढे एकच वाक्य: 'आलो होतो, दवाखाना बंद होता.' त्याखाली अंगठा. एका पानावर एक माणूस, मागची बाजू कोरी. मी विचारलं, एवढं पान कशाला वाया घालवता, एका पानावर वीस नावं बसतील. "माणूस एवढी तंगडतोड करत आलाय," त्या म्हणाल्या, "त्याला एक पान नको?" मी पण संध्याकाळी तिथे बसू लागले. माझी अठ्ठेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली पर्समध्ये असायची, ती मी त्या पायरीवर कधी काढली नाही, लाज वाटायची.

निवृत्तीच्या पंधरा दिवस आधी त्यांनी भरलेली वही साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी ती चाळली, त्यांचा चेहराही क्षणभर उतरला, पण मग त्यांच्यातला साहेब सावरला. कर्मचाऱ्याने ड्यूटीबाहेर, विनापरवानगी ठेवलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि वही दोन्ही हातांनी, सन्मानाने परत दिली.

निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. आरोग्यसेवा तळागाळात नेणाऱ्या शालिनीबेन, असं साहेब म्हणाले. त्यांच्याच सहीचा मेमो खणात होता. शिर्केबेननी आभार मानले, सगळ्यांना लीलो चेवडो, बडोद्याचा तो ओला चिवडा, वाटला आणि घरी गेल्या. मला वाटलं, संपलं.

त्यातच निजामपुऱ्याची बिल्डिंग पुरी झाली आणि मुकादमाने रमीलाच्या टोळीला करजणकडच्या कामावर नेलं. रोज सकाळी टेम्पोने जायचं, दिवेलागणीला परत. करजणहून दुपारी स्कूटीवर आणणं कुणाला शक्य नव्हतं. पहिल्या आठवड्यात रमीलाने खाडा करून गोळ्या नेल्या. मुकादमाने दम दिला, पुन्हा खाडा केलास तर टेम्पोत चढू नकोस. तिच्या उपचाराचे शेवटचे दोन महिने राहिले होते. ती मला म्हणाली, "बेनने केजो, मी कोशिश करीश." बेनना सांगा, मी प्रयत्न करीन. पुढच्या आठवड्यात ती कशी येणार होती, हे तिलाही माहीत नव्हतं.

मी धावत शिर्केबेनच्या घरी गेले. त्या कणीक मळत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हात धुतले, फळीवरची वही काढली आणि तिची पानं एकेक करून, जपून फाडायला लागल्या.

"बेन, हे काय करताय?"

"अगं, आता मी नोकर नाही. आता मी पब्लिक," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत न पाहिलेला खट्याळपणा होता. "नोकराची वही परत देता येते. पब्लिकचा अर्ज परत देता येत नाही."

सरकारी कार्यालयाच्या दाराशी एक खिडकी असते. तिथे कागद दिला की शिक्का मारून नंबर देतात, त्याला इनवर्ड म्हणतात. एकदा इनवर्ड पडला की त्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं, उत्तराला जावक नंबर लागतो, आणि दोन्ही जुळले नाहीत की तपासणीत कारकुनाच्या नावाने शेरा पडतो. शिर्केबेननी आयुष्य त्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढलं होतं, म्हणून त्यांना बाहेरच्या बाजूची ताकद नेमकी ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी त्या कारकून दवेभाईंच्या इनवर्ड खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि एक पान आत सरकवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"बेन, बधा साथे आपो ने," दवेभाई म्हणाले. सगळे एकदम द्या ना.

"एकदम कसे देऊ भाई? प्रत्येक अर्जदार वेगळा आहे. अंगठा बघा."

त्या दिवशी दवेभाईंनी दुपारपर्यंत शिक्के मारले. दुसऱ्या दिवशी आणखी. पानं संपली तेव्हा वंचित समुदायातल्या शंभर माणसांनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, दवाखाना बंद का होता असं खात्याला विचारलेलं होतं, आणि शंभर उत्तरं लिहिणं कुणालातरी भाग होतं. ते काम साहेबांच्या टेबलावर आलं. साहेबांनी पहिली चार उत्तरं लिहिली. पाचव्याला त्यांना कळलं की, 'दवाखाना सायंकाळी सुरू करण्यात येत आहे' या एका वाक्यात शंभरही अर्ज निकाली निघतात. ज्या डिमांडचा पुरावा मी इतके महिने शोधत होते, ती त्यांना तिथे सापडली. मंगळवार आणि शुक्रवार, सहा ते नऊ, प्रायोगिक तत्त्वावर. ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली.

उद्घाटन सकाळी अकराला ठेवलं, कारण प्रमुख पाहुण्यांना संध्याकाळी वेळ नव्हता. सायंकालीन दवाखान्याच्या उद्घाटनाला एकही लाभार्थी येणार नाही, हे सगळ्यांना उमगलं ते आदल्या दिवशी. साहेबांनी शेवटी शिर्केबेननाच फोन केला. मी म्हटलं, नाही म्हणा, होऊ दे फजिती. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? खुर्च्या रिकाम्या दिसल्या की उद्या म्हणतील, बघा, डिमांडच नाही." आणि त्यांनी आपल्या गल्लीतलं अख्खं महिला भजनी मंडळ आणून वंचितांच्या खुर्च्यांवर बसवलं. गळ्यात टपोरी मंगळसूत्रं, अंबाड्यात मोगरा, दोघींच्या हातात टाळही होते. पाहुण्यांनी पहिल्या रांगेतल्या जाधवकाकूंना कनवाळूपणे विचारलं, "माँजी, आपको क्या तकलीफ है?"

"बीपी है," जाधवकाकू म्हणाल्या, "और बहू है."

पाहुणे हेलावले. वंचितांची परिस्थिती आता पुष्कळ सुधारते आहे, असं ते भाषणात म्हणाले. शिर्केबेन मागे उभ्या राहून आदराने ऐकत होत्या.

पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी मी तिकडे गेले. रमीलाच्या गोळ्या त्याच दिवशी सकाळी संपल्या होत्या. दवाखान्यात दिवे लागले होते, एक नवी सिस्टर टेबलाशी बसली होती आणि माणसं रांगेत होती, अंगावर चुना, रंग, सिमेंट जे काय असेल ते घेऊन. शिर्केबेन कुठे दिसेनात. मग रस्त्यापलीकडे मक्याची कणसं भाजणाऱ्या लारीच्या आडोशाला त्या उभ्या दिसल्या, हातात कणीस. ते त्या खात नव्हत्या, नुसतं धरून होत्या.

"आत चला ना बेन," मी म्हटलं.

"नको. मी आत गेले की ती पोरगी उठून उभी राहील. ती उभी राहिली की लाइन थांबते."

सात वाजून गेले. करजणचा टेम्पो आला नव्हता. साडेसात झाले. बेननी कणीस एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. पावणेआठच्या सुमाराला कोपऱ्यावर टेम्पो थांबला, बाया उतरल्या, आणि रमीला बगलेत घमेलं धरून जवळजवळ पळतच दवाखान्याची पायरी चढली. रांगेत तिच्यापुढे सहाजण होते. आम्ही तिथूनच बघत राहिलो. तिचा नंबर आला, सिस्टरने काहीतरी विचारलं, वजनाच्या काट्यावर उभं केलं, रजिस्टर पुढे सरकवलं. रमीला बाहेर आली. पायरीवर थांबून तिने गोळ्यांचं पाकीट पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं, मागून येणाऱ्या बाईला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या, आणि ती वस्तीच्या दिशेने चालू लागली.

मी तिला हाक मारणार, तेवढ्यात शिर्केबेननी माझा दंड धरला.

"बघितलंस?"

"काय बेन?"

"तिने मला शोधलंसुद्धा नाही."

त्या तोंडभर हसत होत्या. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर निरोपाच्या शालीच्या वेळीही पाहिला नव्हता. त्यांनी कणीस माझ्या हातात दिलं, स्कूटी काढली आणि घरी गेल्या. पुढचे दोन महिने, रमीलाच्या गोळ्या पुऱ्या होईपर्यंत, मी दर शुक्रवारी त्या लारीपाशी जात होते. शिर्केबेन तिथे पुन्हा आल्या नाहीत.